जाहिरातीच्या खर्चाची शुद्धिपरीक्षा : वेग मोजावेत की लक्षणे पाहावीत?

विरेचनोत्तर शुद्धीचे परीक्षण वैगिकी, मानिकी, आंतिकी व लैंगिकी या चार प्रकारे करावे, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केले आहे. 30 वेग झाले तर प्रवर, 20 झाले तर मध्यम, 10 झाले तर अवर. परंतु 30 वेग होऊनही रुग्णाचे शरीर हलके झाले नाही, अग्नी प्रदीप्त झाला नाही, तर केवळ आकड्यावर विसंबून सम्यक् शुद्धी झाली असे कोणताही अनुभवी वैद्य म्हणणार नाही. हा विवेक आपण जाहिरातीच्या बाबतीत मात्र सहज गमावतो, असा आमचा स्वतःचा अनुभव आहे व तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही आमच्या चिकित्सालयाच्या इंटरनेटवरील प्रसिद्धीचे काम एका जाहिरात संस्थेकडे सोपविले होते. दरमहा सुबक अहवाल येत असे. किती जणांनी पाहिले, किती जणांनी पसंती दर्शविली, किती जणांनी क्लिक केले, असे सर्व आलेख चढते असत. प्रतीक्षाकक्षातील बाके मात्र पूर्वीइतकीच भरत वा रिकामी राहत. वर्षभर आम्ही निमूटपणे देयके चुकती केली. त्यानंतर केसपेपरवर एक ओळ वाढविली, ‘आमच्याकडे कसे आलात?’, आणि खऱ्या अर्थाने परीक्षणास प्रारंभ झाला.

हिशेब कसा पालटतो हे समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. समजा, दोन जाहिरातींवर प्रत्येकी 10,000 रुपये खर्च झाले. पहिलीवर 500 क्लिक आले, तर दुसरीवर 120. संस्थेच्या अहवालात पहिली जाहिरात श्रेष्ठ ठरते, कारण तेथे एका क्लिकला 20 रुपये पडले व दुसरीत सुमारे 83. परंतु पहिलीतून 4 रुग्णांनी प्रत्यक्ष नोंदणी केली आणि दुसरीतून 9, असे केसपेपरवरून दिसले, तर पहिलीत एका रुग्णामागे 2,500 रुपये लागले व दुसरीत सुमारे 1,111. क्लिक ही वैगिकी परीक्षा होय. नोंदणी आणि पूर्ण झालेली चिकित्सा ही लैंगिकी. दोन्हींचा निर्णय परस्परविरोधी असू शकतो.

यासाठी लागणारी साधने बहुतांशी विनामूल्य आहेत. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये किती जणांनी फोनचे बटण दाबले, किती जणांनी मार्ग विचारला व कोणते शब्द शोधून ते आपल्यापर्यंत आले, हे दिसते. संकेतस्थळ असल्यास गुगल ॲनालिटिक्स जोडावे. (जुनी पद्धत जुलै 2023 मध्ये बंद झाली, आता जीए-4 ही आवृत्ती आहे. जुन्या पुस्तिकांवरून शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) प्रत्येक जाहिरातीच्या दुव्याला ‘यूटीएम’ नामक खूण जोडली की आलेली व्यक्ती फेसबुकवरून आली, व्हॉट्सॲपवरून की पत्रकावरील क्यूआर कोडवरून, हे वेगळे ओळखता येते. आमच्या मते मात्र या सर्वांहून मोलाचा अहवाल म्हणजे गुगल ॲड्समधील ‘सर्च टर्म्स’. आपली जाहिरात नेमके काय शोधणाऱ्यांना दाखविली गेली, ते त्यात उमटते. आम्ही तो उघडला तेव्हा बीएएमएसची प्रवेशप्रक्रिया, पंचकर्म प्रशिक्षणाचे शुल्क, घरच्या घरी करावयाचे उपाय यांचा शोध घेणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे आम्ही भरत होतो! असे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’ म्हणून वगळता येतात. तद्वत स्थाननिवडीत ‘त्या भागात असलेले’ व ‘त्या भागात रस असलेले’ असे दोन्ही गट मुळातच धरलेले असतात. दुसरा गट काढला नाही तर दूरच्या शहरांतील क्लिकही आपल्या खात्यावर पडतात. हे दोन अपथ्य टाळल्यावर खर्च उणावला, रुग्ण उणावले नाहीत.

आता केसपेपरवरील त्या ओळीविषयी थोडे अधिक. पुष्कळ रुग्ण ‘गुगलवरून’ असे उत्तर देतात. आमच्या स्वागतकक्षातील भगिनींनी एकदा सहज पुढचा प्रश्न विचारला, ‘गुगलवर काय शोधलेत?’ उत्तर आले, ‘तुमचंच नाव. नणंदेनं सांगितलं होतं, फक्त पत्ता हवा होता.’ अशा रुग्णाचे श्रेय संगणक जाहिरातीस देतो, वस्तुतः ते नणंदेचे असते. अनुपानाला औषध समजण्यासारखेच हे आहे. तेव्हापासून आम्ही दोन्ही प्रश्न विचारतो.

उपशय-अनुपशयाचा न्याय येथेही लागू पडतो. मजकूर, चित्र व वेळ एकदम बदलल्यास लाभ कशाने झाला हे कळत नाही. एका वेळी एकच बदल करावा. शिवाय काल विसरू नये. वर्षा ऋतूत बस्तीसाठी विचारणा वाढली तर तिचे श्रेय नव्या जाहिरातीस देण्यापूर्वी मागील वर्षाचा तोच महिना पाहावा. लहान चिकित्सालयात 3 विरुद्ध 5 रुग्ण एवढ्या फरकावरून निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. आमच्या जाहिरातींपैकी सर्वाधिक रुग्ण आणणारी, म्हणजे लैंगिकी कसोटीवरही उत्तीर्ण होणारी एक जाहिरात मधुमेह समूळ बरा करण्याविषयीची होती. मजकूर संस्थेचा, संमती न वाचता दिलेली, आमची. औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 च्या अनुसूचीत मधुमेह आहे, श्वित्र आहे, स्थौल्य आहे. अशा रोगांवर औषधाने उपचार होतो अशी जाहिरात करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ज्या वैद्याने प्रमेहाची साध्यासाध्यता अभ्यासली आहे त्याच्या मुखी तर ते वाक्य मुळीच शोभत नाही. आलेख पाहून ती जाहिरात वाढवावी असेच वाटले असते. आम्ही ती त्याच दिवशी थांबविली. पुढील दोन महिने नवीन रुग्ण कमी झाले, हे लपविण्याचे कारण नाही. तिच्यामुळे आलेल्या रुग्णांना आम्ही चिकित्सेची मर्यादा पुनश्च समजावून सांगितली. काहींनी येणे थांबविले.

तीच गोष्ट रुग्णाच्या गोपनीयतेची. भगंदर वा वंध्यत्व यांविषयीच्या पानावर ‘पिक्सेल’ बसविला की ते पान पाहणाऱ्याची नोंद जाहिरात कंपनीकडे जाते. आरोग्यविषयक माहितीच्या आधारे व्यक्तिगत जाहिराती दाखविण्यास गुगलच्या धोरणातही मज्जाव आहे, आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये संमत झालेला आहे. आम्ही व्याधींच्या सर्व पानांवरून पिक्सेल काढले व रुग्णांचे दूरध्वनी क्रमांक जाहिरात संस्थेस देणे बंद केले. आमचा मासिक हिशेब आता स्वागतकक्षातील एका एक्सेल तक्त्यात मावतो. त्यात रुग्णाचे नाव नसते. तारीख, कोणत्या मार्गाने आगमन, चिकित्सा पूर्ण झाली की नाही आणि त्या महिन्याचा खर्च, एवढेच रकाने आहेत.