आभासी संगणक आणि सामायिक साठवण

सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन नगरांची मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. यांपैकी कुपवाडची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. फौंड्री असो वा यंत्रांचे सुटे भाग घडविणारा कारखाना, मागणीपत्रे, आराखडे, हिशेब व हजेरी यांच्या नोंदी आता संगणकावरच राहतात. बिघडलेला संगणक नवा आणता येतो. गेलेल्या नोंदी आणता येत नाहीत. म्हणूनच या नोंदी कोठे व कशा साठवाव्यात, हा प्रश्न लहान उद्योजकालाही महत्त्वाचा आहे.

एकात अनेक

एका सर्व्हरची शक्ती विभागून त्यावर अनेक स्वतंत्र संगणक चालविता येतात. त्यांना आभासी संगणक म्हणतात. ही कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९७२ साली मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली होती. मात्र आभासी संगणकाची डिस्क सर्व्हरच्या आतच असेल, तर सर्व्हर बंद पडताच सारे काम थांबते. ती डिस्क नेटवर्कवरील सामायिक साठवणयंत्रात ठेवल्यास तोच आभासी संगणक दुसऱ्या सर्व्हरवर सुरू करता येतो.

जोडणीच्या दोन पद्धती

पहिली पद्धत एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ मध्ये आणली. हिच्यात फायलींची व्यवस्था साठवणयंत्र स्वतः पाहते. दुसरी आयस्कझी, तिचे मानक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. हिच्यात सर्व्हरला जणू कोरी डिस्कच मिळते व तिची मांडणी सर्व्हरला करावी लागते. ती डिस्क दोन सर्व्हरांना एकाच वेळी द्यावयाची असल्यास सामायिक वापरासाठीच बनविलेली फाइलप्रणाली अनिवार्य होय. अन्यथा एकाचे लिखाण दुसरा पुसून टाकतो.

घ्यावयाची दक्षता

सर्व नोंदी एकाच ठिकाणी आल्या की तेथे जाणारा मार्ग एकच असून चालत नाही. प्रत्येक सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे, मध्ये दोन स्वतंत्र स्विच आणि साठवणयंत्रात दोन कंट्रोलर असावेत. हे नेटवर्क कार्यालयीन वापरापासून वेगळे ठेवावे व नेमून दिलेल्या सर्व्हरांनाच त्यात प्रवेश असावा. ९००० बाइटांची मोठी पाकिटे वापरावयाची असतील, तर सर्व्हर, स्विच व साठवणयंत्र या तिन्ही ठिकाणी तशी नोंद हवी. एका ठिकाणी चूक राहिली, तरी जोडणी झालेली दिसते. परंतु मोठी फाइल पाठविताच काम अडते. प्रत्यक्ष वापरापूर्वी एक केबल काढून आभासी संगणक चालूच राहतो ना, हे अवश्य पाहावे.

साठवण म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे

साठवणयंत्रातील एखादी डिस्क निकामी झाल्यास रेडची रचना नोंदी वाचविते. परंतु चुकून पुसलेली फाइल ती परत देत नाही, की पुरात बुडालेले यंत्र वाचवीत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २०२१ च्या जुलैतही महापूर आला. म्हणून नोंदींची एक प्रत नदीकाठापासून दूर, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवावी आणि ठराविक काळाने ती उघडून, तिच्यावरून काम सुरू करून पाहावे. जी प्रत कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्यावर कारखान्याचा भरवसा ठेवू नये.