वादळाच्या हंगामातील पत्र

(अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात टॅम्पा हे शहर आहे. नोकरीसाठी तेथे गेलेल्या भावाने श्रीवर्धन येथे राहणाऱ्या आपल्या बहिणीला हे पत्र लिहिले आहे. वादळाच्या हंगामात एका नव्या जोडप्याचे दिवस कसे जातात, त्याचे वर्णन या पत्रात आले आहे.)

टॅम्पा,
20 ऑक्टोबर 2024

प्रिय बहिणीस,
अनेक दुआ.

तुझे पत्र मिळाले. आम्ही दोघेही सुखरूप आहोत. अम्मी-अब्बांना आधी हे सांग, मग पुढचे वाच.

3 जून 2020 रोजी आपल्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले होते. वाडीतील नारळी-पोफळी आडव्या झालेल्या तू पाहिल्या आहेस. तसल्याच वादळाला इकडे ‘हरिकेन’ म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशी 119 किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाला, की वादळाला हे नाव मिळते. त्याचा हंगाम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत असतो. म्हणजे वर्षातील सहा महिने!

आमचा संसार नवा. जून महिना लागताच तुझ्या भाभीने एक यादी करून भिंतीवर लावली. माणशी रोज चार लिटर पाणी, डबाबंद अन्न, बॅटरी, सेल आणि औषधे. निकाहनामा, पासपोर्ट व विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. गाडीतले पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ द्यायचे नाही, हाही एक नियम.

या वादळांची नावे आधीच ठरलेली असतात. ती इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने येतात. ‘एच’चे ‘हेलीन’ 26 सप्टेंबरला आले. ते आमच्या उत्तरेला बरेच दूर धडकले. तरीही समुद्राचे पाणी खाडीकाठच्या घरांत शिरले. भिजलेल्या गाद्या, कपाटे लोकांनी रस्त्याच्या कडेला आणून टाकली. ते ढीग उचलले जाण्यापूर्वीच ‘एम’चे ‘मिल्टन’ येत असल्याची बातमी आली. त्या वस्तू वाऱ्याने उडून घरांवर आदळतील, अशी सर्वांना भीती वाटू लागली.

सखल भागातील लोकांनी घरे सोडावीत, असा हुकूम निघाला. आमचे घरही त्याच भागात आहे. मी म्हणालो, “आपण दोघे उत्तरेकडे जाऊ.”

ती म्हणाली, “मी परिचारिका आहे. वादळात दवाखान्यात थांबणाऱ्यांच्या यादीत माझे नाव आहे. रुग्णांना सोडून मी कशी येऊ? तुम्ही शेजारच्या आजीबाईंना घेऊन निवाऱ्यात जा. त्या एकट्या आहेत. त्यांना गाडी चालवता येत नाही.”

तिचे म्हणणे पटले, पण मन मानेना. आम्ही न बोलता कामाला लागलो. खिडक्यांवर लाकडी फळ्या ठोकल्या. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या. वीज गेली तरी त्या बर्फाने अन्न काही वेळ टिकते. 9 ऑक्टोबरला सकाळी तिला दवाखान्यात सोडले. आजीबाईंना घेऊन मी एका शाळेतील निवाऱ्यात गेलो.

त्याच रात्री मिल्टन आमच्या दक्षिणेला, सिएस्टा की येथे किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास होता. दिवे गेले. फोनही लागेना. आजीबाई माझा हात धरून बसल्या होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

एक नवल सांगतो. टॅम्पाच्या खाडीत पाणी चढेल, अशी धास्ती होती. पण तेथे पाणी उलट ओसरले! इकडचे वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. ते आमच्या दक्षिणेकडून गेल्यामुळे आमच्याकडचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि त्याने पाणी बाहेर ढकलले. वादळ उत्तरेकडून गेले असते, तर हेच पाणी शहरात शिरले असते.

सकाळी तुझ्या भाभीचा फोन आला, तेव्हा जिवात जीव आला. “सगळे रुग्ण ठीक आहेत. आजीबाई काही खाल्ल्या का?” एवढेच ती बोलली.

त्या वादळाने फ्लोरिडात तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमच्या घरी पाच दिवस अंधार होता. फ्रीजमधले अन्न नासू नये म्हणून गल्लीतील सर्वांनी अंगणात शेगड्या पेटवल्या व एकत्र जेवण केले. ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नव्हती, ते शेजारी त्या दिवशी आपले झाले.

हंगाम संपायला अजून एकेचाळीस दिवस आहेत. भाभीने पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरून ठेवल्या आहेत. अरबी समुद्रातही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वादळे येतात. तेव्हा तूही एक यादी करून घरात लाव. आणि हो, यादीत शेजाऱ्यांची नावे लिहायला विसरू नकोस.

तुझा,
भाईजान

शब्दार्थ
सुखरूप – सहीसलामत
सखल – खोलगट, खालच्या पातळीचा
निवारा – आसरा, पनाह
परिचारिका – नर्स
धास्ती – भीती, खौफ
ओसरणे – कमी होणे, मागे हटणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हरिकेनचा हंगाम केव्हापासून केव्हापर्यंत असतो?
(आ) भाभी भाईजानबरोबर का गेली नाही?
2. कारणे लिहा.
(अ) पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या.
(आ) टॅम्पाच्या खाडीतील पाणी ओसरले.
3. वाक्यांत उपयोग करा : मन न मानणे, डोळ्याला डोळा न लागणे, जिवात जीव येणे.
4. तुमच्या घरासाठी वादळापूर्वीच्या तयारीची यादी करा. ती वर्गात वाचून दाखवा.