सागरतीरीची सहल : निवडीचे चार निकष

सुट्टीचा बेत आखताना 'समुद्रकिनारी जाऊ' यावर घरात चटकन एकमत होते. कुरबुरी सुरू होतात त्या तेथे पोहोचल्यावर. मुले पाण्याबाहेर येत नाहीत, आजींना वाळूत चालवत नाही आणि भर दुपारी काय करावे, हे कोणालाच सुचत नाही. किनारा सुंदर आहे का, एवढेच पाहून गाव निवडले की असे होते. कुटुंबातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीला ते मानवेल का, हा खरा प्रश्न होय. ओडिशातील पुरीच्या उदाहरणाने तो तपासून पाहू.

१. पाणी

पुरीचा किनारा विस्तीर्ण आणि देखणा आहे. परंतु येथील समुद्र शांत नाही. लाटा किनाऱ्याजवळच जोराने फुटतात आणि परतणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. कोणत्याही उघड्या किनाऱ्यावर हे पाणी काही ठिकाणी अरुंद वाटेने वेगाने आत वाहते. तेथे लाटा कमी फुटत असल्याने नवख्याला ती जागा सुरक्षित वाटते. धोका नेमका तेथेच असतो. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे.

पुरीत कोळी समाजातील 'नुलिया' जीवरक्षक स्नानार्थींचा हात धरून त्यांना लाटांत नेतात. त्यांची सोबत अवश्य घ्यावी आणि मुलांवरची नजर क्षणभरही हटू देऊ नये. येथील 'गोल्डन बीच'ला २०२० मध्ये 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. ते स्वच्छता, पाण्याची गुणवत्ता व सुरक्षाव्यवस्था पाहून दिले जाते. त्याने लाटांचा जोर ओसरत नाही.

२. ऋतू

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : पावसाळ्यापूर्वीचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा. ओडिशाला १९९९ च्या ऑक्टोबरात महाचक्रीवादळाने झोडपले, तर ३ मे २०१९ रोजी 'फनी' पुरीजवळच धडकले. म्हणजे आपल्या उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या याच काळात येतात. शक्य असल्यास जानेवारी-फेब्रुवारी निवडावा. अन्यथा निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि रद्द करता येईल असेच आरक्षण करावे. रथयात्रेचा सोहळा अविस्मरणीय खरा. तथापि लाखोंच्या त्या गर्दीत तान्ह्या मुलांना नेणे टाळावे.

३. समुद्राव्यतिरिक्त काय?

दिवसभर कोणी पाण्यात राहत नाही. या निकषावर पुरी सरस ठरते. जगन्नाथाचे दर्शन, सुमारे ३५ किलोमीटरवरील कोणार्कचे तेराव्या शतकातील सूर्यमंदिर, चिल्का सरोवरातील सातपाडा येथून दिसणारे इरावती डॉल्फिन आणि पट्टचित्रकारांचे रघुराजपूर हे गाव, असे प्रत्येक पिढीसाठी येथे काही ना काही आहे. मंदिरात केवळ हिंदूंनाच प्रवेश आहे, तसेच मोबाइल व कॅमेरा नेता येत नाही, हे आधीच ठाऊक असावे.

४. अंतर आणि ज्येष्ठांची सोय

मुंबईहून रेल्वेने पुरीला पोहोचण्यास एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. विमानाने गेल्यास भुवनेश्वरहून पुढे सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता आहे. त्यामुळे तीन दिवसांच्या सुट्टीत दमणूकच पदरी पडते. निवासस्थान घेताना खिडकीतून समुद्र दिसतो का, याआधी तळमजल्यावरील खोली, उद्वाहन आणि जवळचा डॉक्टर यांची चौकशी करावी.

सारांश, ज्येष्ठांसह पाच-सहा दिवस, हिवाळ्यात, देवदर्शन आणि शिल्पवैभव यांसाठी पुरी उत्तम. ज्यांना मुलांना दिवसभर पाण्यात खेळू द्यायचे आहे, त्यांनी मात्र शांत, उथळ किनारा शोधावा. हेच चार प्रश्न कोणत्याही सागरतीराला विचारता येतील. सहलीचा खर्च आवर्ती ठेवीतून वर्षभरात उभा करता येतो. सर्वांनी सुखरूप घरी परतावे यासाठीची तरतूद मात्र निघण्यापूर्वीच करावी लागते.