कैदेतील व्यसनी बंधू : सुटकेपूर्वीची जबाबदारी

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी दरवर्षी कार्तिक पौर्णिमेची यात्रा भरते. मांजरसुंब्याकडील आमच्या वस्तीतील काही मणियार कुटुंबे तेथे बांगड्यांची पाले लावतात. अशाच एका पालावर तीन वर्षांपूर्वी मला एक तरुण भेटला. आठ महिन्यांच्या कैदेनंतर तो दोनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटला होता. चेहरा भरला होता, हात थरथरत नव्हते. मी सलाम केला, मुसाफहा केला आणि ‘आता नमाजला येत जा’ एवढेच म्हणून पुढे गेलो. चौथ्या दिवशी त्याच्या जनाजाची नमाज मीच पढवली. पकडला जाण्यापूर्वी तो खोकल्याचे औषध आणि ‘बटन’ गोळ्या जितक्या घेत असे, तितक्याच त्याने एका रात्री पुन्हा घेतल्या होत्या. त्याच्या वडिलांनी मला विचारले, “मौलाना, आत तर तो अगदी चांगला झाला होता. मग असे कसे झाले?” मला उत्तर ठाऊक नव्हते.

वाचकहो, उत्तर शरीराच्या एका साध्या नियमात आहे. नशेची सवय वाढते तशी ती सोसण्याची शक्तीही वाढते. नशा थांबली की ही शक्ती काही दिवसांतच ओसरते, परंतु मनातील ओढ मात्र तशीच राहते. म्हणून जी मात्रा पूर्वी केवळ गुंगी आणत असे, तीच आता श्वास बंद पाडते. अफू, हेरॉइन, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा असून, जोडीला झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर तो कित्येक पटींनी वाढतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तीस हजारांहून अधिक सुटलेल्या बंद्यांचा अभ्यास होऊन तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या १२.७ पट आढळला, आणि नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. ‘आत राहिला म्हणजे सुटली सवय’ हा आपला समज म्हणूनच घातक आहे. सक्तीने झालेला खंड म्हणजे उपचार नव्हे.

आता दीन काय सांगतो ते पाहू. सूरह दहरमध्ये अल्लाहच्या प्रेमापोटी अन्न देणाऱ्यांची प्रशंसा आहे, आणि तेथे गरीब व अनाथाच्या शेजारी कैद्याचा उल्लेख आहे. कैदी निर्दोष असावा अशी अट तेथे घातलेली नाही. बुखारी शरीफमध्ये एका सहाबींचा प्रसंग आहे. मद्यपानाबद्दल त्यांना वारंवार शिक्षा झाली, तेव्हा कोणीतरी त्यांना शाप दिला. प्रेषित (स.) यांनी तत्काळ रोखले आणि हा मनुष्य अल्लाह व त्याच्या रसूलवर प्रेम करतो, अशी त्यांच्यासाठी साक्ष दिली. शिक्षा टळली नाही, पण नातेही तुटले नाही. आमच्या मोहल्ल्यांत बहुधा उलट घडते.

इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या चरित्रात कूफ्यातील एका शेजाऱ्याची हकीकत येते. तो जोडे शिवीत असे, आणि रात्री मद्य पिऊन गात बसे. जगाने आपल्याला गमावले, अशा आशयाचे त्याचे गाणे असे. इमामसाहेब रात्रभर इबादतीत असत आणि तो आवाज त्यांच्या कानी पडे. एका रात्री तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की पहारेकऱ्यांनी त्याला पकडून नेले. फज्र होताच इमामसाहेब स्वतः अधिकाऱ्याकडे गेले आणि त्याला सोडवून आणले. वाटेत त्यांनी विचारले, आम्ही तुला गमावले का? त्या मनुष्याने तौबा केली आणि तो तिच्यावर ठाम राहिला. मदरशात असताना मी ही कथा इमामसाहेबांच्या थोरवीसाठी पाठ केली होती. आता तिच्यातील एक बारीक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : शेजारी दिसत नाही, हे एका रात्रीत लक्षात आले. आपल्या वस्तीतला मुलगा आठ-आठ महिने दिसत नाही आणि आपण चौकशी टाळतो, कारण उत्तर लाजिरवाणे असते.

आपल्या देशात दर चार बंद्यांमागे सुमारे तीन न्यायबंदी आहेत, म्हणजे खटला अजून चालू आहे. शिक्षाबंद्याच्या सुटकेची तारीख आधी कळते. न्यायबंद्याचा जामीन कोणत्याही दिवशी होतो आणि तो रिकाम्या खिशाने संध्याकाळी रस्त्यावर उभा राहतो. त्यामुळे सुटकेची तयारी अटकेच्या पहिल्या दिवसापासूनच हवी. घरच्यांनी लाज सोडून वकिलाला व कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगावे की याला अमुक नशेची सवय होती. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. लपवाछपवी येथे परवडत नाही. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित आजारांना मानसिक आजारांत धरले असून बंद्यांच्या उपचारांची तरतूदही केली आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.

एक प्रश्न मला अनेकदा विचारला जातो : मद्यपीची नमाज चाळीस दिवस कबूल होत नाही ना, मग त्याने पढावी कशाला? ही हदीस अर्धीच सांगितली जाते. उलमांनी स्पष्ट केले आहे की फर्ज त्याच्यावरून उतरते, केवळ सवाबापासून तो वंचित राहतो. आणि त्याच हदीसमध्ये तौबा केली तर अल्लाह ती स्वीकारतो, हेही आहे. बराकीतल्या मुलाला पत्र लिहाल तर हा उरलेला भाग आवर्जून लिहा.

दुसरा प्रश्न औषधांचा. अफूवर्गीय व्यसनासाठी डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देतात. दिल्लीच्या तिहार कारागृहातही ते दिले गेले आहे. अमेरिकेतील र्‍होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये तुरुंगातच असे उपचार सुरू केले. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत अतिमात्रेने मेलेल्यांपैकी २६ जण नुकतेच सुटलेले होते, पुढल्या वर्षी त्याच काळात ९. ‘ही तर एका नशेच्या जागी दुसरी नशा’ असे म्हणून आपले काही बुजुर्ग ही गोळी बंद करायला लावतात. मद्य हे औषध नव्हे, ही हदीस मला मान्य आहे. परंतु येथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेली मात्रा गुंगीसाठी नसते, जीव वाचवण्यासाठी असते. माझ्या मते तिला मद्याचा हुकूम लागू करणे चूक आहे. शंका असेल तर मुफ्तींकडे जाताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी. परस्पर गोळी बंद करू नये.

नव्व्याण्णव खून केलेल्या माणसाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. शंभरावा खूनही त्याच्या हातून घडला, आणि मग एका आलिमने त्याला तौबेचा मार्ग खुला असल्याचे सांगितले. पण तो आलिम तेवढ्यावर थांबला नाही. ती वस्ती सोड, अमुक ठिकाणी नेक लोक आहेत तेथे जा, असेही त्याने सांगितले. सुटणाऱ्या मुलाला पहिले काही आठवडे मामाकडे किंवा मावशीकडे ठेवता येईल का, याचा विचार या हदीसच्या प्रकाशात करा. मुकादमाची उचल घेऊन त्याला थेट ऊसतोडीच्या टोळीबरोबर रवाना करणे म्हणजे मात्र ही हिजरत नव्हे. फडावर ना डॉक्टर असतो, ना दारूला आडकाठी.

तेव्हा पुढच्या मुलाकतीला जाल तेव्हा चार गोष्टी ठरवून या. सुटकेच्या दिवशी फाटकावर कोण उभे राहील, त्या रात्री तो कोठे झोपेल, दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्याला कोण नेईल, आणि पहिले पंधरा दिवस त्याला एकटे न सोडण्याची पाळी कोणाकोणाची असेल. जुनी मात्रा आता जीव घेईल, हे त्याला तोंडावर स्पष्ट सांगा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी मोफत क्रमांक त्याच्याकडे लिहून द्या. तो बेशुद्ध पडला, घोरल्यासारखा आवाज करू लागला, ओठ निळे पडले, तर ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार न करता त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. फाटकावर उभे राहायला घरात कोणी नसेल, तर मशिदीत येऊन मला किंवा आपल्या इमामसाहेबांना सांगा.