फोन ‘अनलॉक’ करायचा का? गटाच्या बैठकीत निघालेला प्रश्न



मागच्या महिन्यात एका गटाच्या साप्ताहिक बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, परतफेड लिहून झाली आणि सचिव ताईंनी आपला फोन माझ्यापुढे ठेवला. “मॅडम, हा नुसता गरगर फिरतो. भाचा म्हणतोय, अनलॉक करून देतो, नव्यासारखा पळेल. देऊ का त्याच्याकडे?” फोन चार वर्षांचा. त्याच्यावरच पापडाच्या ऑर्डरी येतात, गिऱ्हाइकाचे पैसे येतात आणि इतिवृत्ताचे फोटोही त्यातच. म्हणजे प्रश्न एकट्या ताईंचा नव्हताच.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपण पॅटर्न काढून स्क्रीन उघडतो, त्यालाही अनलॉकच म्हणतो. दुकानदार विसरलेला पासवर्ड काढून देतो, तेही अनलॉक. भाचा म्हणत होता ते वेगळं. त्याला ‘बूटलोडर अनलॉक’ म्हणतात.

बँकेत गटाचे पैसे काढायला गेलो की काय होतं? स्लिपवरची सही नमुना सहीशी जुळते का, ते साहेब बघतात. जुळली नाही तर स्लिप परत. फोन चालू करताना आत अगदी हेच घडतं. बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम सगळ्यात आधी जागा होतो आणि फोनमधलं सॉफ्टवेअर कंपनीच्याच सहीचं आहे का, ते तपासतो. तो अनलॉक करायचा म्हणजे, “आता सही बघू नका, कुणाचीही स्लिप चालेल,” असं बँकेला सांगून टाकायचं.

मग लोक करतात कशाला? कारण आहे. कंपनी काही वर्षांनी जुन्या फोनला अपडेट देणं बंद करते. लिनिएजओएससारखं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, तर काही जुन्या फोनवर नवीन अँड्रॉइड चालतं. कंपनीने आधीपासून भरलेली, काढता न येणारी अ‍ॅप्सही जातात. मी कॉलेजात असताना स्वतः केलं होतं. फोन खरंच पळायला लागला, हे कबूल करते. पण अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, हे मी नीट वाचलंच नव्हतं. फील्डवर्कचे सगळे फोटो गेले. आणि मेसचे पैसे भरायला गेले तर पैशांचं अ‍ॅप उघडेचना! पुढचे कितीतरी दिवस रोख घेऊन फिरले.

ही दोन्ही नुकसानं काही माझ्या नशिबाची नव्हती. डेटा मुद्दामच पुसला जातो. नाहीतर चोराने फोन अनलॉक करून आपलं सगळं वाचलं असतं. आणि परत लॉक करायला गेलो तरी सगळं पुन्हा पुसलं जातं. बँकेची आणि यूपीआयची बरीच अ‍ॅप्स फोनचं कुलूप शाबूत आहे का ते बघतात, नसेल तर चालायला नकार देतात. एखादं चालतं, एखादं नाही, आणि आज चालणारं उद्या बंद पडू शकतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये तर अशी खूण कायमची उमटते की परत लॉक करूनही त्यांचं सुरक्षित फोल्डर चालत नाही. वॉरंटीच्या अटीही वाचा, बऱ्याच कंपन्या अशा फोनची जबाबदारी घेत नाहीत.

अनलॉकनंतर मुलं आणखी एक पायरी चढतात, तिला ‘रूट’ म्हणतात. म्हणजे पेटीच्या तिन्ही चाव्या एकाच्या हातात. ज्या अ‍ॅपला त्या चाव्या मिळतील, ते आपले मेसेज, ओटीपी सगळं वाचू शकतं. भाचा आपला आहे हो, पण तो जी फाईल टाकणार ती कुठून आणली? हे त्यालाही सांगता येईलच असं नाही.

बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. एक ताई म्हणाल्या, “पोराला शिकायचंय तर शिकू दे की, पण आपल्या पापडाच्या जिवावर नको.” मला हे फार पटलं. शेवटी ठरलं की ताईंच्या घरी पडलेला, सिम नसलेला जुना फोन भाच्याला द्यायचा. कामाच्या फोनला हात लावायचा नाही.

मग तो फोन तिथेच उघडून बघितला. खरं दुखणं साधंच होतं, साठवणुकीची जागा काठोकाठ भरलेली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’त गेलो, तर गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ यांचाच ढीग. इतिवृत्ताचे फोटो आधी लेखापाल ताईंच्या फोनवर पाठवले, मग बाकीचे पुसले. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. नको असलेली अ‍ॅप्स काढली, जी निघेनात ती ‘अक्षम’ केली. फोन नवा झाला नाही, पण गरगर बरीच थांबली. मोठी अक्षरं, मराठी कीबोर्ड, वेगळं रूप हवं असेल तर तेही अनलॉक न करता मिळतं.

एवढं करूनही फोन अडकत असेल, तर फॅक्टरी रीसेट करता येतो. त्यातही सगळं पुसलं जातं, पण सहीची तपासणी शाबूत राहते. करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या आणि गुगलचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. रीसेटनंतर फोन तोच विचारतो, आणि तिथेच बऱ्याच जणी अडकतात.

बाजारातून जुना फोन घेणार असाल तर पैसे देण्याआधी तो पूर्ण बंद करून चालू करा. सुरुवातीला उघड्या कुलपाचं चित्र किंवा अनलॉक असल्याची इंग्रजी सूचना दिसली, तर तो फोन पैशांच्या कामाला घेऊ नका. खात्यातून अनोळखी रक्कम गेलीच, तर वाट न बघता 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

पुढच्या बैठकीला येताना फोन चार्ज करून आणा. जागा कशी मोकळी करायची ते एकेकीच्या फोनवर करून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक