आई जिथं भांडेल तिथून सुरू कर

परवा तू फोनवर म्हणालीस, "ताई, पुस्तक लिहायचंय गं, पण सुरुवातच सापडत नाही." मी विरार लोकलमध्ये उभी, एक हात कडीला. काय बोलणार? आज निवांत आहे, तर ऐक.

आधी माझी फजिती सांगते, तुला कधी सांगितली नव्हती. मीही एकदा पुस्तक लिहायला बसले होते. आपण पाचूबंदरचे, वसईचा किल्ला हाकेवर, म्हणून सुरुवात तिथूनच केली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली... चाळीस पानं झाली. आईला वाचून दाखवायला बसले, तर बुरूज पडायच्या आधीच तिला डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी बोंबील सुकवण्यावर लिहिलेलं अर्धं पान वाचलं. त्यात तिनं मला तीनदा अडवलं. "असं नसतं गं! तू कधी हात लावलास का?" तेव्हा कळलं, चाळीस पानांत नव्हता तो जीव या अर्ध्या पानात आहे.

म्हणून सांगते, किल्ल्यापासून सुरू करू नकोस. तो कुठं पळून जात नाही आणि त्याच्यावर लिहिणारे खूप आहेत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवर कशी टाकतात, ते बारीक दात बोटांना कसे टोचतात, मग त्याच बोटांना मीठ लागलं की काय होतं, हे लिहिणारे किती? 'कोळी स्त्रिया मासळी सुकवतात' हे वाक्य कुणीही बाहेरून येऊन लिहील. तू बोटांचं लिही.

आता वेळेचं. "घरचं आवरून वेळ कुठं?" म्हणशील. आपल्या घरात काम चालतं ते उधाण-भांगाच्या हिशेबानं. डोल जाळ्याला पाण्याची ओढ लागते, म्हणून पुनवे-अमावास्येच्या उधाणाला धावपळ आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, थोडी उसंत. तू तीच उसंत धर. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असतेच. होड्या वर ओढलेल्या, आगोटीचं सुकं डब्यात भरलेलं, बाहेर पाऊस. एकसष्ट दिवस! रोज दोनशे शब्द लिहिलेस तरी नारळी पुनवेच्या आत बारा हजार होतात. पुस्तक एवढ्यात होणार नाही, पण 'सुरुवात सापडत नाही' हे मात्र तुला पुन्हा म्हणता येणार नाही.

शिक्षण कमी पडतं असं मनात आणू नकोस. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, नवऱ्यानं घरी अक्षरं शिकवली. उतारवयात त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, तीही भाग-भाग करून. घरातली भांडणं, सोवळं-ओवळं, स्वतःची फजिती, सगळं बोलल्यासारखं. मराठीतलं एक मोठं पुस्तक असं स्वयंपाकघराच्या भाषेतून आलंय. आणि नेमानं लिहिण्याचं आपल्या वसईतलं उदाहरण हवं, तर नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मासिकाला महिन्याच्या महिन्याला मजकूर द्यावाच लागतो. तूही एखाद्या मासिकाला दोन पानांचा लेख देऊन बघ. तारीख ठरली की हात आपोआप चालतो.

बोलीचं एक सांगते. आई बोलते तेव्हा मोबाईलवर आवाज भरून घे. मग बोलून टाईप करायचं बटण दाबू नकोस, ते आपल्या बोलीचं काहीतरी भलतंच करून ठेवतं. कान लावून हातानं उतरव. ती ज्याला जे म्हणते तेच लिही, 'शुद्ध' करत बसू नकोस. वाचणाऱ्याला एखादा शब्द अडला तर पुढच्या वाक्यात उलगडेल असं बघ. तेवढं पुरतं.

मुखपृष्ठ, प्रकाशक, प्रकाशन समारंभाला कुणाला बोलवायचं, हे सगळं आत्ता फळीवर ठेव. मी त्या वेळी नाव ठरवण्यात पंधरा दिवस घालवले होते. पुस्तक झालंच नाही, नाव तेवढं अजून आठवतं!

तर उद्या अर्धं पान लिही. मला पाठवू नकोस, मी बहीण आहे, छानच म्हणणार. आई जवळा निवडायला बसली की शेजारी बस आणि वाचून दाखव. तिला डुलकी लागली तर गपचूप वही मीट. पण तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि "असं नसतं गं!" म्हणून भांडायला उठली, तर मला फोन कर. कितीही वाजले असले तरी.