म्हातारी झेन आणि कसाऱ्याचं गणित

"ऑटोक्रॉसमध्ये भाग घेतोय," असं मी कॅन्टीनमध्ये जाहीर केलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "गाडी कुठली?" म्हटलं, "बाबांची झेन. १९९८ची." त्यानंतर पाच मिनिटं कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही, कारण सगळे हसण्यात बिझी होते! असो. त्या एका रविवारी मी जे शिकलो ते दोन सेमिस्टर 'थिअरी ऑफ मशीन्स'मध्ये बसून कळलं नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

रॅली नव्हे आणि सर्किटवरची शर्यतही नव्हे. मोकळ्या जागेत वळणावळणाचा छोटा ट्रॅक आखतात. एका वेळी एक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. अमेरिकेत हे बहुधा मोकळ्या पार्किंगच्या डांबरावर चालतं, आपल्याकडे बहुतेक वेळा मातीवर. आमचा ट्रॅक नाशिकबाहेरच्या एका माळावर होता. कडेला फक्की मारलेली आणि वळणांवर कोन ठेवलेले (भूमितीतले नव्हेत, रस्त्यावरचे केशरी!). एक कोन पाडला की ५ सेकंद दंड. अमेरिकेतल्या एससीसीएच्या नियमात हाच दंड २ सेकंदांचा असतो. प्रत्येकाला तीन रन, त्यातली सर्वांत चांगली वेळ धरायची. हेल्मेट आणि सीटबेल्ट सक्तीचे.

बाबांनी गाडी दिली, पण एका अटीवर. "सोमवारी सकाळी मला अंबडला ड्यूटीवर जायचंय. गाडी चालत परत आली पाहिजे, टेम्पोत घालून नाही."

आधी गाडीची तब्येत

जुन्या गाडीला वेगवान करण्याआधी निरोगी करावं लागतं. ९९३ सीसी, कार्बुरेटर, नवी होती तेव्हा सुमारे ५० अश्वशक्ती. इंजिनावर खर्च करायला खिसा नव्हताच. मग मी एवढंच केलं :

१) ब्रेक ऑइल बदललं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलला किमान २०५ अंश सेल्सिअस लागतात, ओलावा धरलेल्याला मात्र १४० ही मर्यादा धरतात. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फरशीला टेकतं!

२) स्टेपनी, जॅक, मॅट, डिकीतलं सामान काढलं. वीसेक किलो वजन फुकटात कमी झालं.

३) बॅटरीचा क्लॅम्प आवळला. सैल बॅटरी वळणावर उडाली तर शॉर्ट होऊ शकते.

४) रेडिएटरचा होस नवा टाकला. क्लिप मात्र जुनीच ठेवली. "कशाला पैसे घालवायचे?" हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन रन, दोन फजित्या

पहिली रन. स्टार्टचा झेंडा पडला आणि माझं डोकं बंद. जोरात पळायचं, वळण आलं की ब्रेक दाबायचा आणि स्टीअरिंग फिरवायचं, एवढंच सुचत होतं. तिसऱ्या वळणावर पुढची चाकं पूर्ण वळलेली, गाडी मात्र नाकासमोर सरळ! दोन कोन आडवे. १ मिनिट ३४ सेकंद, अधिक दंड १० सेकंद.

दुसऱ्या रनला ठरवलं, आधी वळवायचं आणि मग ब्रेक. या वेळी मागची बाजू निसटली आणि मी आलो त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. चारी बाजूंनी धूळ, वरून शिट्ट्या. वेळ १ मिनिट ४१.

परत आलो तर टेम्परेचरचा काटा वर चढलेला आणि बॉनेटखालून थेंब थेंब कूलंट. तीच जुनी क्लिप! पोटात गोळा आला. झेनच्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. जास्त तापलं तर ते वाकू शकतं, आणि मग सोमवारची ड्यूटी काय घेऊन बसलात! वीस रुपयांच्या कंजुषीत हजारोंचं काम निघालं असतं. इंजिन बंद केलं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे माहीत होतं. पाऊण तास गार होऊ दिलं, शेजारच्या स्पर्धकाकडून नवी क्लिप मागून लावली, कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं पाहिलं. गळती थांबली होती.

वहीतलं गणित

त्या पाऊण तासात बाभळीखाली बसून वही काढली. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पॉकेटमनी. ब्रेकला द्या, वळायला द्या, रेसला द्या, पण एकूण रक्कम ठरलेली. फक्त बेरीज साधी नसते, पायथागोरसची असते.

कोरड्या मातीवर पकड ०.५ धरू. पैकी ०.४ ब्रेकला दिली तर वळायला ०.१ नाही, ०.३ उरते (३-४-५चा त्रिकोण आठवा). वळणाची त्रिज्या १५ मीटर असेल तर पूर्ण पकडीत ते ताशी ३१ किलोमीटरने घेता येतं, ब्रेक दाबून ठेवला तर फक्त २४ने. मी शिरत होतो ३५ने! पहिल्या रनचा हिशोब लागला.

आता दुसरी रन. ब्रेक मारला की भार पुढे सरकतो. भार किती, तर वजन गुणिले मंदन (जी-मध्ये) गुणिले गुरुत्वकेंद्राची उंची, भागिले दोन अॅक्सलमधलं अंतर. गाडी आणि मी मिळून ८०० किलो, मंदन ०.५, उंची अंदाजे अर्धा मीटर, अंतर २.३३५ मीटर. उत्तर येतं ८६ किलो! म्हणजे एक धडधाकट माणूस मागच्या सीटवरून उठून बॉनेटवर जाऊन बसला. हलकी झालेली मागची चाकं वळणात कशी टिकणार?

बाबांचा कसारा

बाबा तोपर्यंत हाताची घडी घालून गप्प उभे होते. वहीत डोकावून म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण कसाऱ्याला तू वळणात गेल्यावर ब्रेक मारतोस का?"

"नाही."

"मग इथे का मारतोस? वळणाच्या आधी, सरळ असताना वेग मार. सेकंड टाक. ब्रेक सोड, मग वळव. आणि बाहेर पडताना रेस हळूहळू दे."

बघा मित्रहो, वहीचं पान भरून मी जे काढलं ते बाबांनी चार वाक्यांत सांगितलं! शेवटचं वाक्य तर माझ्या वहीत नव्हतंच. रेस दिली की भार मागे जातो. झेनची पुढची चाकं गाडी ओढतात, तीच हलकी होतात. एकदम रेस दिली तर ती नुसती माती उडवत बसतात.

तिसरी रन. आत बसल्यावर वाटलं, आपण फारच सावकाश चालवतोय. एकही शिट्टी नाही, धूळही कमी. वेळ आली १ मिनिट २९! एकही कोन पडला नाही.

आमच्या गटातल्या चौदा जणांत मी सहावा आलो. पहिला आलेला मुलगा ७९६ सीसीच्या जुन्या मारुती ८००मध्ये होता. तेव्हा "गाडी जुनी होती" हे कारण मला देता आलं नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

ज्युनियर्ससाठी

ट्रॅक आधी पायी दोनदा चाला. पहिली रन ओळख करून घेण्यापुरती सावकाश घ्या. जुन्या गाडीचे रबर आणि क्लिपा सगळ्यात आधी बदला. गाडी गळत असेल तर रन सोडून द्या. आणि हे प्रयोग सिन्नर हायवेवर मुळीच करायचे नाहीत. तिथे कोन नसतात, माणसं असतात.

सोमवारी बाबा झेन घेऊन अंबडला गेले. संध्याकाळी चहा घेताना एवढंच म्हणाले, "ब्रेक छान लागतायत रे आता."

मला ट्रॉफी मिळाली!